खारपाणपट्ट्यातून नरनाळ्याकडे

अकोल्याहून अकोटला एसटीने कितीदा गेलो असेन. पण खारपाणपट्टा म्हणजे काय, ते सायकलवरच कळले.

हिवाळ्यातल्या एका शनिवारी मी आणि माझा मुलगा निघालो. पूर्णा ओलांडून गिट्टी-मुरमाच्या पांदण रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, उभी कपाशी. पण जमिनीखालचे पाणी खारट. एका गावाच्या कडेला हापशी दिसली. मुलाने ओंजळ तोंडाला लावली नि थुंकून टाकली. तिथली म्हातारी म्हणाली, "बापू, आमची जिनगानी याच पान्यावर गेली. आता नळाले धरनाचं येते, पन रोज नाई."

अकोटला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी शहानूरच्या फाटकावर सायकली ठेवल्या. पुढे मेळघाटचे वाघाचे जंगल, म्हणून गडावर जिप्सीने गेलो. १४८७ सालचा महाकाली दरवाजा देखणा आहेच. पण आमचे पाय खिळले ते शक्कर तलावाशी. डोंगरमाथ्यावर पावसाचे पाणी अडवून माणसे जगवली!

मुलगा म्हणाला, "बाबा, पाचशे वर्षांपूर्वी गडावर जमले, ते आज खालच्या गावांत का जमू नये?" उत्तर माझ्याजवळ नव्हते.

वाचकहो, सुटीत मुलांना या वाटेने जरूर न्या. पिण्याचे पाणी मात्र घरून भरून घ्या.