आईचा गॅप

कॉन्व्हेंटची मुलगी मराठी विभागात लिहितेय म्हटल्यावर आमच्या विंगमध्ये पहिला प्रश्न आला, ‘ऱ्हस्व-दीर्घ कोण तपासणार?’ तर वाचकहो, चुका पोटात घाला. विषय आईचा आहे, तो इंग्रजीत लिहवेना.

मागच्या वर्षी माझा वायडी झाला. ज्यांचा झालाय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. बॅच गेली टी.ई.ला आणि मी बॅगा घेऊन जालन्याला. घरात शिरल्या शिरल्या जाहीर केलं, “मी इंजिनिअरिंग सोडतेय.” बाबा गप्प. आई म्हणाली, “आधी जेवून घे.”

माझी आई २००२ ची बी.ई. मेकॅनिकल. वाळूजला एका वर्कशॉपमध्ये नोकरीला होती. २००५ मध्ये मी झाले आणि ती घरी बसली. ‘घरी बसली’ असं आपण सहज म्हणतो, पण त्या चौदा वर्षांत ती बसलेली मला तरी आठवत नाही!

२०१९ मध्ये, मी नववीत असताना, तिने परत नोकरी शोधायला घेतली. अशा बायकांसाठी योजना होत्या. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची २००२-०३ पासूनची महिला शास्त्रज्ञ योजना होती, पण ती संशोधन करणाऱ्यांसाठी. टाटा समूहाने २००८ मध्ये ‘सेकंड करिअर’ इंटर्नशिप काढली होती, पण घर सोडून मुंबई-पुण्याला कोण जाणार? राहिल्या जालन्याच्या एमआयडीसीतल्या सळयांच्या मिल.

पहिल्याच इंटरव्ह्यूत तिला सळईचे ग्रेड विचारले. ४१५, ५००, ५५० एवढं सांगून ती थांबली. तिच्या कॉलेजच्या वेळी आयएस १७८६ ची १९८५ ची आवृत्ती होती. २००८ च्या आवृत्तीत ‘डी’वाले ग्रेड आले, डी म्हणजे डक्टिलिटी. तेव्हा मी तीन वर्षांची होते, तिला कुठून कळणार? समोरचे साहेब म्हणाले, “मॅडम, चौदा वर्षं फार होतात हो.”

तिने नवं स्टँडर्ड मिळवलं आणि आमची जेवणं झाली की रोज रात्री ओट्याजवळ घेऊन बसायची. माझी कंपास पेटी वापरायची, त्यावरून मी भांडलेही आहे. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका मिलने लॅबमध्ये ट्रेनी म्हणून घेतलं. ट्रेनीचं वय ३९, साहेबांचं २६.

माझ्या वायडीत ती मला एकदा लॅबमध्ये घेऊन गेली. १६ एमएमच्या सळईवर तिने ८० एमएमच्या खुणा केल्या, म्हणजे व्यासाच्या पाचपट. सळई यूटीएमच्या जबड्यात धरली. ताणता ताणता ती एका जागी मानेसारखी बारीक झाली आणि धाडकन तुटली. मी केवढ्याने ओरडले! आईने दोन्ही तुकडे जोडून समोर ठेवले. “मोज.”

“९१.”

“इलाँगेशन किती टक्के?”

“तेरा पूर्णांक पंच्याहत्तर.”

“पास का नापास?”

मी गप्प. एसओएमच्या ओरलला हाच प्रश्न आला होता. व्याख्या इंग्रजीत तोंडपाठ होती, ती घडाघडा म्हणून दाखवली आणि पुढे अडकले. आई म्हणाली, “५०० ला १२ टक्के लागतात, म्हणून त्यात पास. ५००डीला १६ लागतात, त्यात नापास. ही सळई डी म्हणून बाहेर जाणार नाही.”

येताना स्कूटीवर तिच्या मागे बसून विचारलं, म्हणजे समोर बघून विचारायची हिंमत नव्हती, “आई, माझ्यामुळे तुझी चौदा वर्षं गेली ना गं?”

“गेली खरी,” ती म्हणाली. “माझ्या बॅचचे लोक आज मॅनेजर आहेत. मी काही आता त्यांना गाठत नाही.” मग जरा वेळाने, “मंडईत थांबू, मेथी घ्यायचीय.”

त्या रात्री मी परीक्षेचा फॉर्म भरला.

एसओएम निघाला, ५२ मार्क. एम-थ्री अजून राहिलाय. रिझल्ट सांगायला आईला फोन केला तेव्हा ती मिलमध्ये होती. मागे इतका आवाज होता की बावन्न हा आकडा मला तीनदा ओरडून सांगावा लागला, आणि सगळ्या विंगने ऐकला.