पाँटिॲकचे आजोबा

भारतातून आलेले पाहुणे आमच्या दारातली गाडी पाहून आधी विचारतात, 'ही बस कुणाची?' तिला बसच म्हणायचं. २६ फूट लांब, सहा चाकं, पुढे भली मोठी काच. आत शेगडी, फ्रिज, संडास-मोरी आणि चौघांची निजायची सोय. जीएमसीनं १९७३ ते १९७८ या सालांत मिशिगनमधल्या पाँटिॲकला अशा तेरा हजारांच्या आसपास गाड्या बांधल्या आणि मग ते काम कायमचं थांबवलं. आमची १९७६ची. ती अजून चालते ती दोन म्हाताऱ्यांच्या जिवावर. त्यांतले एक माझे वडील. दुसरे आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं. आमच्या मुली त्यांना आजोबा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

मी डेट्रॉइटजवळ मोटार उद्योगात नोकरीला, पण माझं सगळं काम पडद्यावरचं. आजोबांची हयात पाँटिॲकच्या ट्रक-बसच्या कारखान्यात गेलेली. जुनी मोटारहोम घ्यायचं माझ्या मनात आहे हे कळल्यावर ते न बोलावता सोबत आले. पहिली गाडी पाहायला गेलो, तेव्हा विक्रेता पडद्यांचं आणि गाद्यांचं कौतुक सांगत होता. आजोबांनी इंजिनावर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, 'चला घरी.' वाटेत कारण सांगितलं. आपण येण्याआधी त्यानं इंजिन तापवून ठेवलंय. थंड इंजिन कसं सुरू होतं ते त्याला आपल्याला दाखवायचं नाही.

गाडी कशी पाहावी हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं होतं. कोपऱ्याकोपऱ्यात टाच दाबून चालायचं. जमीन दबली की छतातून पाणी झिरपून आतलं लाकूड कुजलंय असं समजायचं. टायरची नक्षी पाहून भुलायचं नाही. बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं; उभ्या गाडीचा टायर न झिजताही म्हातारा होतो. फ्रिज गॅसवर चालणारा, अमोनियाचा, हळूहळू थंड होणारा. म्हणून मालकाला तो आदल्या दिवशीच लावून ठेवायला सांगायचं. मागच्या चार चाकांना कमानपाटे नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी मागची बाजू बसलीय का ते पाहायचं. या सगळ्यातून पार पडली ती गाडी आम्ही घेतली. रंग मात्र बायकोला अजून आवडत नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही.

पुढचं सांभाळणं जास्त अवघड. इंजिन ओल्ड्समोबाइलचं, ४५५ क्युबिक इंचांचं, म्हणजे साडेसात लिटरचं. गॅलनला आठ-दहा मैलांवर काही देत नाही. ताकद पुढच्या चाकांना. मागे जाणारा शाफ्टच नसल्यामुळे जमीन खाली आणि आत ताठ उभं राहता येतं. पण या सोयीची किंमत पुढची बेअरिंगं मोजतात. पुढचा सगळा भार आणि सगळी ओढ त्यांच्यावर. ती काढायला खास पुलर लागतो, आणि तो साध्या गॅरेजात नसतो. एका गॅरेजवाल्यानं तर गाडी दारातूनच परत पाठवली. आजोबांच्या लाकडी पेटीत तो पुलर होता. त्या भागातल्या काही मालकांनी मिळून केव्हातरी घेतलेला; लागेल त्यानं न्यायचा. पेटीत एक वहीही होती. आजोबांनी एक चाक स्वतः उघडून दाखवलं आणि दुसऱ्याच्या वेळी खुर्ची टाकून बसले. माझ्या हाताला ग्रीस लागलं ते असं.

पेट्रोलच्या रबरी नळ्या त्यांनी पहिल्याच महिन्यात बदलायला लावल्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यानं जुनं रबर खराब होतं, आणि या गाडीचं इंजिन तर चालवणाऱ्याच्या मांडीशेजारी. थंडीआधी पाण्याच्या नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, ही मिशिगनची नित्यपूजा. ती चुकली नाही ना, हे पाहायला ते काठी टेकत यायचे.

एका उन्हाळ्यात नाना, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे आले. नाना एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये बॉडी बांधणीत पत्राकाम करून निवृत्त झालेले. घरी ते कामाबद्दल अवाक्षर काढत नसत. डबा, सायकल आणि संध्याकाळी हात धुण्याचा साबण एवढंच आम्हां भावंडांना ठाऊक. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, 'रिव्हेट कुठायत?' मी आजोबांना विचारलं. सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि वरचं आवरण बहुतेक ठिकाणी चिकटवलेलं, हे ऐकून नानांनी बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. पटलं, पण आवडलं नाही.

जनरेटरच्या कप्प्याला आधीच्या कुणा मालकानं बसवलेलं ॲल्युमिनियमचं दार चेपलेलं होतं. नानांनी ते उतरवलं, त्यावर अंगाचा साबण चोळला आणि बर्नर मागितला. साबणाचा डाग तपकिरी-काळा पडेपर्यंत तापवायचं, तेवढ्यात पत्रा मऊ होतो. त्यापुढे गेलं तर ॲल्युमिनियम रंग न बदलता एकदम वितळतं. आजोबा खुर्चीतून उठून जवळ आले. 'आमच्याकडेही साबणच लावायचे,' ते म्हणाले. मग वाळूच्या पिशवीवर दार ठेवून नाना लाकडी मोगरीनं ते सारखं करत राहिले. ठोके हलके, एकाच लयीत. आजोबा मला हळूच म्हणाले, 'असा माणूस घरात असताना तू मला कशाला विचारत बसलास?'

मला उत्तर देता आलं नाही. वडिलांचं काम मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, आणि ते किती चांगलं आहे हे मला एक परका कामगार सांगत होता. बेअरिंगं, नळ्या, गाडीची पारख, यांची परतफेड कशीबशी करता येईल. मला माझ्या वडिलांची ओळख करून दिली, त्याची कशी करणार? पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. आईनं पाठवलेलं भडंग तेवढं घेत, आणि डबा रिकामा परत करत.

आजोबा गेल्यावर त्यांच्या मुलीनं ती लाकडी पेटी आमच्याकडे आणून दिली. डेट्रॉइटच्या आसपास कुणाकडे ही गाडी असेल आणि पुढचं चाक गुरगुरत असेल, तर पुलर माझ्याकडे आहे. पैसे पडत नाहीत. वहीत नाव आणि गाडीचं साल लिहा, काम झालं की ग्रीस पुसून पेटी परत आणा.