ताकाचं गाडगं आणि निळी गोळी

कुंभार पिंपळगावच्या बाजारपेठेतल्या औषधाच्या दुकानांत अलीकडे तापाच्या गोळ्यांपेक्षा डब्या-बाटल्यांनीच जास्त फळ्या अडवल्यात. प्रोटीनची पावडर, बी-१२, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या, आवळा-कोरफडीचा रस. मोसंबीच्या बागेला झिंक-बोरॉन न्यायला आलेला माणूस त्याच फेरीत स्वतःसाठी कॅल्शियम घेऊन जातो. झाडाला काय कमी पडलं ते पानावर दिसतं. माणसाला काय कमी पडलं ते आता शहरातली लॅब छापून देते.

या फळीवर जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल दिसल्या की मला हसू येतं. आमच्या घरी उतरंडीतल्या एका मडक्यात जवस असायचा, एकात कारळ, एकात तीळ. आजी जवस तव्यावर तडतडेपर्यंत भाजायची, लसूण-मिरची-मीठ घालून उखळात कुटायची, आणि ती चटणी भाकरीवर तेलाच्या धारेसकट पडायची. तेल करडईचं, घाण्यावरचं. ओमेगा-३ हा शब्द आजीच्या कानावर कधी पडला नसेल. पण अख्खा जवस तसाच पोटातून निघून जातो, कुटल्याशिवाय अंगी लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. पुढे शेतातून जवस गेला आणि बाजारातून कॅप्सूल आली. मधल्या काळात जवस काही बदलला नाही.

ताकाचं तर विचारूच नका. गावात ज्याच्या घरी दुभतं, त्याच्या दारात सकाळी गाडगी-तांबे घेऊन लेकरं उभी. ताकाचे पैसे घ्यायचे नसतात, हा दंडक. त्या ताकात ज्वारीच्या कण्या शिजायच्या, उन्हाळ्यात आंबील व्हायची, आजाऱ्याला पातळ माडगं मिळायचं. बी-१२ हे जीवनसत्त्व झाडपाल्यात नसतं. ते सूक्ष्मजंतू तयार करतात आणि मांस-मासे-अंडी न खाणाऱ्याला ते दूध, दही, ताकातूनच काय ते मिळतं. माळकरी घरांची सोय त्या गाडग्यात होती, थोडी असली तरी रोजची.

आणि ताक होतं कारण गुरं होती, गुरं होती कारण कडबा होता, कडबा होता कारण ज्वारी होती. पुरुषभर उंचीची मालदांडी माणसाला दाणा द्यायची आणि बैलाला वैरण. ही साखळी कुणा एकाने तोडली नाही. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झालं, डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस आला. पुढे कपाशी वाढली, सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाला. ज्वारी काढायला, मोडायला, खळं करायला माणूस मिळेना. ट्रॅक्टर आला तेव्हा बैल गेले, बैलांमागे गाई. आता दही पाकिटात येतं आणि ज्वारी गव्हापेक्षा महाग झालीय, म्हणून ‘शुगर निघाली’ की ती डॉक्टरच्या सांगण्यावरून विकत आणायची. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरलं, तेव्हा टीव्हीवर ज्वारीला ‘श्री अन्न’ म्हणाले. आमच्याकडे ती नुसती भाकर होती, आणि पाहुणा आला की तिचीच लाज वाटून गव्हाच्या पोळ्या व्हायच्या. हेही सांगितलं पाहिजे.

औषध असं वेगळं काही घ्यायचं नसे. ते पंचांगातून यायचं. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं, ओवा, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. रामनवमीला सुंठवडा, जांब समर्थ जवळच, समर्थ रामदासांचं जन्मगाव, त्यामुळे रामनवमीचं अप्रूप मोठं. पावसाळ्यात बांधावर तरोटा, पाथरी, केना, कुंजीर उगवायचं आणि बायका ओच्यात खुडून आणायच्या. तणनाशक मारलेल्या बांधावर आता ते कुठून येणार? भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगं, गाजर, हरभरा, घेवडा यांची मिसळीची भाजी. पांढऱ्या तिळात शंभर ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, आणि बाजरीत ज्वारीपेक्षा लोह जास्त. हे कुणी मोजून ठरवलं होतं असं मी म्हणणार नाही. थंडीत तीळ-बाजरी होती, म्हणून खाल्ली. पूर्वजांच्या प्रत्येक घासात विज्ञान शोधणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

दुखण्याचं म्हणाल तर पोट दुखलं की ओवा, खोकला आला की अडुळसा, सर्दीला गवती चहा आणि आलं. तापाला कडुनिंबावर चढलेली गुळवेल, तीही दोन-तीन दिवस, कडू म्हणून नाक दाबून. हे ‘दोन-तीन दिवस’ महत्त्वाचं. कोरोनाच्या काळात तीच गुळवेल लोकांनी महिनोन्महिने रोज प्याली. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाने ते फेटाळलं, वाद झाला. माझ्यापुरतं सांगतो: आजीच्या हातात औषधाचं मापही होतं आणि थांबायचं कधी ते भानही. आपण तिच्याकडून वेल घेतला, भान ठेवून दिलं.

तिची बाळगुटीही आठवते. सहाणेवर हरड्याचे, वेखंडाचे, मुरुडशेंगेचे मोजके वेढे. त्या वासाने आजही घर आठवतं. पण सहाण धुवायचं पाणी कोणतं असायचं तेही आठवतं. सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज थेंबभर पाणीही नको, हे आज आरोग्य खात्याची आशा सेविका, आमची आशाताई, दारोदार सांगते ते मला पटतं.

पाण्यावरून नारू आठवला. आज बारवांचे फोटो लोक हौसेने काढतात. आमच्या आधीच्या पिढीतल्या माणसांच्या पायांवर त्या बारवांचे व्रण होते. पायऱ्यांनी उतरून पाण्यात पाय टाकायचे, नारूवाल्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात जायच्या, तेच पाणी पिऊन वर्षभराने दुसऱ्याच्या पायातून हातभर लांब जंत निघायचा. तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढायचा. नारूवर ना गोळी निघाली ना लस. पाणी कापडातून गाळून, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, हातपंप बसवून तो घालवला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. काढ्याचे आणि डब्यांचे गोडवे गाणाऱ्या कुणाच्या तोंडी मी ही गोष्ट ऐकली नाही.

ज्वारीचंही तसंच. निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा दिसायचा: उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांची, मानेची कातडी काळी पडून सोलायची, जुलाब लागायचे, डोकं ठिकाणावर राहायचं नाही. हैदराबादच्या ज्या प्रयोगशाळेला आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात, तिथल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये याचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्युसिनशी लावला. शेंगदाण्यात नायसिन भरपूर, ताक-डाळीनेही तोल सावरतो. म्हणजे ज्वारी वाईट नव्हती. वाईट होतं ते तिच्यासोबत काहीच नसणं. मुलांना संध्याकाळी दिसेनासं व्हायचं त्यावरही याच संस्थेतल्या कामाचा उपयोग झाला, आणि १९७० पासून ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस सुरू झाले. बहात्तरच्या दुष्काळात तर सगळं पंचांगच वाहून गेलं. दुष्काळी मदतीतल्या लाल मिलो ज्वारीची भाकर आणि सुकडी. ती सुकडी गोड लागायची, एवढं आठवतं.

खरी गोष्ट पुढे आहे. जवसाची चटणी, ताक, डिंकाचे लाडू हे सगळं ‘घरात’ होतं, पण घरात ते कुणाच्या ताटात होतं? आधी पुरुष, मग लेकरं, त्यातही पोरगे आधी, मग सासू. सून शेवटी, तव्यावरच्या कडक भाकरीबरोबर तळाशी उरलेलं कोरड्यास खायची. डिंक-अळिवाचे लाडू आणि तूप तिला मिळायचं ते बाळंतपणात, तेही घरात असलं तर आणि पोरगा झाला असेल तर जरा सढळ हाताने. आजीच्या स्वयंपाकाचं कौतुक मी आयुष्यभर करत आलो. आजी स्वतः काय जेवायची हे मी कधी पाहिलंच नाही, कारण ती जेवायला बसेपर्यंत आम्ही झोपलेलो असायचो.

म्हणून त्या फॅशनच्या डब्यांकडे मी नाक मुरडतो, पण अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या निळ्या गोळीकडे नाही. लोह आणि फॉलिक आम्लाची ती गोळी आठवड्यातून एकदा मुलींच्या हातावर नाव घेऊन ठेवली जाते. मुलगी थोरली की धाकटी, घरी कोण आधी जेवतं, हे गोळी विचारत नाही. गरोदर बाईला लाल गोळी रोजची. जुन्या ताटाने जे कधी केलं नाही ते हिने केलं.

तरी गोळीनेही गड सर झालेला नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांतलं रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४८ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ५४. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, मग ती उशीखाली जाते. उलट दुकानातली महागडी पाकिटं मात्र न चुकता खाल्ली जातात, कारण पैसे मोजलेले असतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती मनाने वर्षभर चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. गुडघेदुखीवर बाजारात मोकळी मिळणारी ‘जडीबुटीची’ भुकटी त्याहून वाईट. दोन दिवसांत पळायला लावणाऱ्या भुकटीत बहुधा स्टेरॉइड असतं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं हे मात्र खरं, ती गोळी ते कमी करते.

आमच्या गल्लीतली आशाताई यावर व्याख्यान देत नाही. सुनेला गोळी देताना ती सासूला पण बसवून घेते. “आई, गोळी दिली की तासभर च्या देऊ नका तिला. अन् वरणावर लिंबू पिळा, रक्त त्यानं लवकर भरतं.” चहाने लोह अडतं, लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने ते शोषलं जातं, हे तिला प्रशिक्षणात शिकवलंय. सासूला गोळीबद्दल शंका असते, लिंबाबद्दल नसते. आता बऱ्याच घरांत सून सगळ्यांबरोबर जेवायला बसते. आशाताई म्हणते, ते मी सांगितलेलं नाही, टीव्हीवरची मालिका आठला लागते म्हणून सगळे एकदमच उरकतात.