मधले मैल

प्रवासाला निघणाऱ्या माणसांचे दोन वर्ग असतात. कोठे पोहोचायचे एवढे ठाऊक झाले की पहिल्या वर्गाला ते पुरते. दुसऱ्या वर्गाला मात्र निघण्यापासून परतण्यापर्यंतची प्रत्येक घटका कागदावर मांडल्याखेरीज झोप लागत नाही. सातारा जिल्ह्यातील एका शाळेत चौतीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर या दुसऱ्या वर्गातले होते. शाळेची सहल असो वा घरातले लग्नकार्य, गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेचे पान उलटे करून त्यावर ते पट्टीने रकाने आखीत. वेळ, ठिकाण, अंतर, मुक्काम आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो परतल्यावर भरायचा.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात, मॉन्टगोमेरी या राजधानीच्या गावी, मुलीकडे ते तीन महिन्यांसाठी आले होते. मुलगी तेथील एका रुग्णालयाच्या औषधविभागात काम करी. परतीच्या प्रवासाला थोडे दिवस उरले असताना एका रविवारी सेल्मा या गावी जाऊन यायचे ठरले, आणि शुक्रवारी रात्री जेवणाच्या टेबलावर दिनदर्शिकेचे पान उलटे झाले.

"बाबा, तासाभराचा तर रस्ता आहे," मुलगी म्हणाली. "सकाळी नऊला निघू, तो पूल बघू, जेवायच्या वेळेला घरी. त्याला कागद कशाला हवा?"

"मधे काय काय आहे?"

"मधे काही नाही. शेतं, कुरणं. गाडी थांबवायची गरजच पडत नाही."

मास्तरांनी 'मधे' असा एक रकाना आखला आणि तो कोराच ठेवला. दोन गावांच्या मधे काही नाही, हे वाक्य भूगोलाच्या शिक्षकाला सहजासहजी मानवणारे नसते.

आराखड्याचा पहिला भाग सोपा होता. मॉन्टगोमेरी पूर्वेला, सेल्मा पश्चिमेला. दोहोंना जोडणारा महामार्ग क्रमांक ८०. सकाळी जाताना सूर्य पाठीशी, दुपारनंतर परततानाही पाठीशी, म्हणजे चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येण्याचा प्रश्न नाही. मग त्यांनी नकाशात जमीन पाहिली. या पट्ट्याला 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात. हे नाव आधी मातीच्या काळ्या रंगावरून पडले. माती काळी म्हणून कापूस आला, कापसासाठी गुलाम आणले गेले आणि पुढे तेच नाव त्या मातीत राबणाऱ्या माणसांनाही लागू झाले. दख्खनच्या काळ्या जमिनीवर वाढलेल्या मास्तरांना मातीपासून माणसापर्यंतची ही साखळी निराळी समजावून सांगण्याची गरज नव्हती. कोऱ्या रकान्यात त्यांनी पहिला शब्द लिहिला : 'काळी जमीन'.

मुलीने शहराच्या ग्रंथालयातून त्यांना एक-दोन पुस्तके आणून दिली होती. त्यांतून त्यांना समजले की याच रस्त्याचा आणखी एक आराखडा १९६५ सालच्या मार्च महिन्यात झाला होता, आणि तो चक्क न्यायालयापुढे सादर करावा लागला होता.

कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नोंद करू दिली जात नव्हती. त्याविरुद्ध सेल्माहून मॉन्टगोमेरीपर्यंत चालत जायचे, असे ठरले होते. ७ मार्च रोजी सुमारे सहाशे माणसे निघाली आणि अलाबामा नदीवरचा एडमंड पेटस पूल ओलांडताच राज्य पोलिसांच्या लाठ्यांनी व अश्रुधुराने परतवली गेली. दोन दिवसांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली निघालेली माणसे पूल ओलांडून, प्रार्थना करून मागे फिरली. मग प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेले. न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांच्यापुढे पदयात्रेचा आराखडा ठेवण्यात आला आणि १७ मार्चला त्यांनी तो मान्य केला. अन्याय जेवढा मोठा, तेवढ्याच मापाने त्याविरुद्ध रस्त्यावर उतरण्याचा हक्क मोठा मानला पाहिजे, असे त्यांच्या निर्णयाचे सार होते.

मास्तरांना मोह पडला तो त्या आराखड्याचा. एखाद्या समव्यावसायिकाची वही हाती लागावी तसा तो त्यांनी वाचला. जेवण कसे पोहोचेल, हात धुण्याची व शौचाची सोय मालमोटारींवर कशी असेल, मागे पडलेला कचरा कोण उचलील, रुग्णवाहिका व प्रथमोपचार, सोबत चालणारे डॉक्टर व परिचारिका, पुढाऱ्यांमध्ये संपर्क ठेवण्यासाठी बिनतारी यंत्रे. त्या काळी हा महामार्ग लाऊंड्ज काउंटीत दुपदरी होत असे. तेवढ्या टप्प्यात तीनशेहून अधिक माणसांनी चालू नये, अशी अट होती. बाकीच्यांना सेल्माला परत नेण्याच्या वाहनांचीही तरतूद आराखड्यात होती. २१ मार्चला तीन हजारांहून अधिक माणसे निघाली. एकूण अंतर ५४ मैल, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटर. पहिल्या तीन रात्री वाटेवरच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या शेतांत, डेव्हिड हॉल, रोझी स्टील आणि रॉबर्ट गार्डनर यांच्या जमिनीवर, तंबूंत गेल्या. चौथी मॉन्टगोमेरीतील 'सिटी ऑफ सेंट ज्यूड' या कॅथलिक संस्थेच्या आवारात. तिसऱ्या दिवशी पाऊस पडला आणि मुक्कामाची जागा चिखलाने भरली. २५ मार्चला राज्याच्या विधानभवनापुढे ही यात्रा पोहोचली तेव्हा ती सुमारे पंचवीस हजारांची झाली होती. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्काच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली.

मास्तरांनी आपला कागद त्या आराखड्याशेजारी ठेवला. त्यांच्या यादीत पेट्रोल होते, दोन बाटल्या पाणी होते, टोपी, औषधाच्या गोळ्या होत्या. रात्र कोणाच्या जमिनीवर काढायची, तहान लागली तर कोणाच्या दारी उभे राहता येईल, आणि अंधारात मागून येणारी गाडी कोणाची असेल, हे प्रश्न त्यांच्या यादीत नव्हते. ते प्रश्न त्यांना विसरले नव्हते, सुचलेच नव्हते.

हा शेवटचा प्रश्न काल्पनिकही नव्हता. पदयात्रा संपली त्याच संध्याकाळी डेट्रॉइटहून आलेली व्हायोला लिउझो ही ३९ वर्षांची, पाच मुलांची आई आपल्या मोटारीने माणसांना सेल्माला पोहोचवीत होती. सेल्माला माणसे सोडून ती आणखी माणसे आणण्यासाठी मॉन्टगोमेरीकडे निघाली होती. म्हणजे मुलीने सांगितलेलाच तो तासाभराचा, एका दिवसात जाऊन येण्याचा रस्ता. लाऊंड्ज काउंटीत कू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी पाठलाग करून चालत्या गाडीत तिला गोळ्या घातल्या. महामार्गाच्या कडेला तिचा स्मृतिस्तंभ आहे.

'मधे'च्या रकान्यात आता जागा अपुरी पडू लागली होती. शनिवारी दुपारी मुलगी कामावरून परतली तेव्हा कागदाला दुसरा कागद जोडलेला तिने पाहिला.

"हे सगळं मधे आहे?"

"अगं, खरं तर सगळं मधेच आहे. लाऊंड्ज म्हणून जी काउंटी लागते ना, तिथं पाच माणसांत चार कृष्णवर्णीय होती. पण १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यातला एकही मतदार नोंदलेला नव्हता. एकही नाही. यात्रा गेली, पण काही तरुण कार्यकर्ते मागे राहिले. स्टोकली कारमायकेल त्यांतला. त्यांनी आणि जॉन ह्यूलेटसारख्या तिथल्या माणसांनी मिळून पक्ष काढला. मतपत्रिकेवर पक्षाला चिन्ह लागायचं, आपल्यासारखंच. कारण वाचता न येणारे मतदार पुष्कळ होते. राज्यातल्या सत्ताधारी पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा. यांनी काय घेतलं असेल?"

मुलगी बघत राहिली.

"काळा बिबळ्या. ब्लॅक पँथर."

१९६६ सालच्या निवडणुकीत लाऊंड्जच्या त्या पक्षाचे सारे उमेदवार पडले. पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे दोन तरुणांनी ते चिन्ह व ते नाव उचलले, आणि सहा वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने ते मराठीत आणले. दलित पँथर हे नाव मराठी वाचकाला वरळीच्या चाळींतले वाटते, आणि ते तसे आहेही. पण त्याचा एक धागा या महामार्गाच्या कडेच्या कापसाच्या शेतांपर्यंत पोहोचतो. मतदार म्हणून नोंद करणाऱ्या शेतकरी कुटुंबांना मालकांनी जमिनीवरून हुसकले, तेव्हा १९६५ च्या अखेरीपासून ती कुटुंबे याच रस्त्यालगत तंबू ठोकून राहिली. त्या जागेवर २००६ साली एक माहितीकेंद्र उभे राहिले.

मुलगी समोर बसली. "मग तुम्हांला हे असं का झालंय बाबा? काल रात्री तुम्ही झोपला नाहीत."

मास्तरांनी थोडा वेळ पट्टी कागदावर सरळ करण्यात घालवला. मग त्यांनी तिला मसूरची गोष्ट सांगितली. मसूर हे सातारा जिल्ह्यातले रेल्वेस्थानक. १९०१ साली बाबासाहेब आंबेडकर हे लहान मूल असताना भावाबरोबर व भाच्यांबरोबर साताऱ्याहून गाडीने तेथे उतरले. वडील गोरेगावी खजिनदार होते; त्यांच्याकडे सुटीत जायचे होते. येत असल्याचे पत्र आधी धाडले होते, पण ते नोकराच्या विसराळूपणाने वडिलांच्या हाती पडलेच नाही. स्थानकावर कोणी आले नव्हते. मुले महार आहेत असे कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्याच्या बोलीवर एक गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बरोबर चालायचे अशी. शिदोरी सोबत होती, पण रात्री कोणी पाणी दिले नाही, म्हणून ती खाता आली नाही. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

"आम्ही हा प्रसंग मुलांना सांगायचो," मास्तर म्हणाले. "पत्र पोहोचलं नाही म्हणून हाल झाले, असं मीही सांगायचो. आता वाटतं, मी चुकीचं शिकवलं. पत्र न पोहोचणं कोणाच्याही प्रवासात होतं. आपल्या प्रवासात तेवढ्यानं एखादा तास मोडतो. आपण दुसरी गाडी करतो, विहिरीवर पाणी पितो, पुढं जातो. त्यांच्या प्रवासात एक पत्र चुकलं की रात्र जाते, जीवही जाऊ शकतो. चूक तीच. तिची किंमत मात्र कोण चाललंय त्यावर ठरते."

पण झोप मोडली होती ती मसूरमुळे नव्हे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मास्तरांनी एका किल्ल्यावर शाळेची सहल नेली होती. दुपारचे जेवण पायथ्याच्या गावी, ओळखीच्या एका घरी ठरले होते. पंगत बसताना घरधन्याने मुलांची आडनावे विचारली, आणि तीन मुलांची पाने गोठ्याकडच्या ओसरीवर मांडली गेली. त्यांना पाणी वरून ओतले गेले. मास्तरांनी ते पाहिले होते. घड्याळात सव्वा वाजला होता. किल्ला चढायचा राहिला होता आणि अंधार पडण्यापूर्वी परतायचे होते. वाद घातला असता तर वेळ मोडली असती. ते काही बोलले नाहीत. परतल्यावर शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले : 'सर्व कार्यक्रम वेळेवर पार पडला.' त्या तिघांपैकी एक मुलगा पुन्हा कोणत्याही सहलीला आला नाही. घरी काम आहे असे तो सांगे, आणि मास्तर हजेरीत तसे नोंदवीत.

मुलगी बराच वेळ गप्प राहिली. आपल्या वडिलांच्या वक्तशीरपणाचे कौतुक ऐकत ती वाढली होती. त्या वक्तशीरपणाच्या खाली हे दडलेले असेल, असे तिला कधी वाटले नव्हते. बापाचे सांत्वन करावे असेही तिच्या मनात आले असेल. पण तिने ते केले नाही, आणि मास्तरांना ते बरे वाटले.

"मग उद्याचं कसं करायचं?" तिने विचारले.

मास्तरांनी नवे पान घेतले. जाताना कोठेही थांबायचे नाही, सरळ सेल्मा गाठायचे. पूल गाडीतून नव्हे, पायी ओलांडायचा. मग ज्या दिशेने ती माणसे चालली त्याच दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे, थांबत थांबत परत यायचे. मुक्कामांच्या शेतांपाशी पाट्या आहेत, तेथे उतरायचे. शेते खासगी असली तर रस्त्यावरूनच पाहायची. लिउझोच्या स्तंभाशी थांबायचे. तंबूंच्या जागेवरच्या केंद्रात वेळ घालवायचा. शेवटी सेंट ज्यूड आणि विधानभवनाच्या पायऱ्या.

मुलीने आकडे जुळवून पाहिले. "जायला एक तास, आणि यायला पाच तास लिहिलेत."

"त्यांना पाच दिवस लागले."

ती हसली आणि पाण्याच्या बाटल्या भरायला उठली. दोनाऐवजी तिने सहा भरल्या. हा महामार्ग लाऊंड्जमध्येही आता चौपदरी आहे. पाणी, पेट्रोल, थांबायची जागा यांपैकी कशासाठीही त्या दोघांना उद्या कोणाची परवानगी मागावी लागणार नव्हती. ते स्वातंत्र्य त्यांनी मिळवलेले नव्हते. त्यांना ते तयार मिळाले होते, आणि ते मिळवणाऱ्यांची नावे वाटेवरच्या पाट्यांवर होती.

मास्तर कागदापाशी बसून राहिले. मधला रकाना पूर्ण भरला होता. शेऱ्याचा रकाना परतल्यावर भरायचा, हा त्यांचा चौतीस वर्षांचा नियम. पण त्या रात्री निघण्यापूर्वीच त्यांनी त्यात चार शब्द लिहिले, आणि मग दिवा मालवला.

'उशीर झाला तरी चालेल.'