साच्यात उरलेली नौका

१९८८ सालच्या हिवाळ्यातील गोष्ट. मी त्या वेळी गोवा शासनाच्या सेवेत होतो आणि मांडवीत नांगर टाकून उभ्या असलेल्या एका परदेशी शिडाच्या नौकेवर शासकीय कामासाठी मला जावे लागले होते. सोबत आमच्या गावचे वृद्ध मेस्त होते. होड्या आणि पडाव बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. कागदावर आराखडा त्यांनी कधी काढला नाही. होडीची सारी वळणे त्यांच्या डोळ्यांत असत. नौकेच्या कुशीवर त्यांनी बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिले, आत उतरून फळ्यांचे सांधे शोधले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिका हाडां नात रे!" हिला हाडेच नाहीत.

ती फायबरग्लासची 'वेस्टसेल ३२' होती. तिच्या वयस्क अमेरिकन मालकाने आम्हांला चहा पाजला आणि मेस्तांचे म्हणणे समजल्यावर तो मनापासून हसला. मेस्तांचे निरीक्षण अचूक होते. त्यांच्या पद्धतीत आधी कणा, मग फासळ्या आणि शेवटी फळ्यांची कातडी; फटींत कापूस ठोकून वर राळ. फायबरच्या नौकेत सारे उलटे. गुळगुळीत पोकळ साच्याच्या आतून प्रथम बाहेरचा रंगीत थर लावायचा, त्यावर काचतंतूंचे कापड अंथरून रेझीनमध्ये, म्हणजे एका नव्या राळेतच, भिजवायचे आणि असे थरावर थर चढवीत जायचे. राळ आळली की अख्खी नौका साच्यातून उचलून काढायची. कातडीच येथे हाडांचेही काम करते.

त्या नौकेचे कूळ मात्र मला निवृत्तीनंतरच्या वाचनात उलगडले. कॉलिन आर्चर (१८३२–१९२१) हा स्कॉटिश आईबापांचा, नॉर्वेत जन्मलेला नौकाशिल्पी. नान्सेनची ध्रुवप्रदेशात गेलेली 'फ्राम' त्याचीच. वादळात सापडलेल्या मच्छीमारांना वाचविण्यासाठी त्याने आखलेली नौका १८९३ साली पाण्यात उतरली. दोन्ही टोके निमुळती, पोट रुंद, कणा लांब आणि खोल. मागून येणारी लाट तिच्या निमुळत्या पाठीवर दुभंगत असे. १९२०च्या दशकात विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन शिल्प्याने हा घाट ३२ फुटांत बसविला. त्यांपैकी 'एरिक' नावाच्या आराखड्यावरून मुंबईत सागवानी लाकडाची एक नौका बांधली गेली व १९ डिसेंबर १९६४ रोजी ती पाण्यात उतरली. तीच 'सुहैली'. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फॅल्मथहून निघाले आणि कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. तसे करणारे ते पहिले. त्या स्पर्धेत उतरलेल्या नऊ जणांपैकी तेच एकटे ती पूर्ण करू शकले.

पुढे कॅलिफोर्नियात डब्ल्यू. आय. बी. क्रेलॉक यांनी अ‍ॅटकिनचाच घाट फायबरग्लाससाठी नव्याने मांडला. पहिला कारखाना बुडाला; १९७१ साली व्हिक दांपत्याने साचे विकत घेतले आणि 'वेस्टसेल' उभी राहिली. लांबी ३२ फूट, रुंदी ११, पाण्याखाली ५ फूट; वजन सुमारे नऊ टन, त्यातील तीन टनांहून अधिक नुसता भार कण्याच्या पोटात. मंद वाऱ्यात ती हलता हलत नाही म्हणून तिची थट्टाही होई. परंतु १९८०च्या सुमारास कारखाना बंद पडेपर्यंत आठशेवर नौका साच्यातून निघाल्या होत्या. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी अर्धवट अवस्थेत नेऊन आतले सुतारकाम घरच्या अंगणात स्वहस्ते पुरे केले. ऑक्टोबर १९९१च्या अटलांटिक वादळात 'सटोरी' या वेस्टसेलवरील माणसांना तटरक्षक दलाने उतरवून घेतले. रिकामी नौका मात्र वाहत जाऊन अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली, फारशी इजा न होता.

हे वाचताना माझ्याच हातून गेलेली कागदपत्रे मला आठवत राहिली. नव्वदच्या दशकात फायबरच्या होड्यांसाठीच्या अनुदानाच्या कितीतरी प्रकरणांवर मी सही केली. त्यात गैर काही नव्हते. लाकूड महागले होते, पाण्यातली कीड फळ्या पोखरीत असे, दरवर्षीची डागडुजी गरीब रापणकारांना परवडत नव्हती. फायबरला यांपैकी काहीच लागत नव्हते. पण चार-पाच वर्षांत मेस्तांकडे येणारे काम थांबले आणि माझ्या टेबलावरून गेलेल्या एकाही साच्यात मेस्तांच्या होडीचे वळण नव्हते. नॉर्वेची नौका लाकडातून फायबरमध्ये गेली, कारण कोणी तरी ती आधी कागदावर उतरवली होती. २०१७ साली अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' गोव्यातच बांधली गेली, तीही 'सुहैली'च्या घाटावर. तो घाट पन्नास वर्षांनी पुन्हा उभा करता आला. मेस्तांच्या होडीचे माप मात्र कोणी घेतले नाही. मी शासकीय नोकर होतो, गावचा होतो, माझ्याकडे फीत होती आणि वहीही होती. एका दुपारचे काम होते. मेस्त १९९९ साली वारले.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावी खाडीच्या चिखलात त्यांच्या हातची एक होडी असल्याचे कळले. नातवाला घेऊन गेलो. त्याने फीत धरली, मी आलेखाच्या कागदावर आकडे मांडीत गेलो. डाव्या कुशीच्या सात फासळ्या शाबूत होत्या, उजव्या कुशीच्या तीन. नाळेचा घाट ओळखता येत होता. मागचा भाग गेलेला होता. कागदावर ती जागा मी कोरी ठेवली आहे.