चहावाचून डिमसम

न्यूयॉर्क,
कार्तिक शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप मावशीस साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुझे आश्विनातले पत्र पावले. मी दुपारचे जेवण रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या एका मोटारगाडीतून विकत घेतो आणि तेथेच पदपथावर उभ्याने खातो हे वाचून तुला वाईट वाटले, आणि अन्नाला बैठक लागते, नाहीतर ते केवळ भुकेवरचे औषध होते, असे जे तू लिहिलेस ते मी पुनःपुन्हा वाचले. हा आक्षेप नुसत्या आचाराचा असता तर त्याला चार शब्दांत उत्तर देता आले असते. परंतु ज्या पदार्थांविषयी मी तुला लिहिले होते ते चिनी डिमसम मुळातच बैठकीतून जन्मलेले असल्यामुळे, त्यांची काहीही माहिती नसताना तू नेमक्या मर्मावर बोट ठेवलेस, आणि म्हणूनच हे सविस्तर पत्र.

ही गाडी मॅनहॅटनच्या मध्यभागी, कचेऱ्यांच्या उत्तुंग इमारतींच्या सावलीत, दुपारी बाराच्या सुमारास येते. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर जाळाचा भडका, लाल सॉस आणि कढईवर आपटणाऱ्या झाऱ्याचा खणखणाट असतो; त्यांतले येथे काहीच नाही. आत उकळत्या पाण्यावर बांबूच्या गोल टोपल्यांची उतरंड, आणि झाकण उचलताच खिडकीबाहेर येणारा वाफेचा लोट, एवढाच सारा संसार. पातळ, पारदर्शक पारीत कोळंबी भरलेले हार गाव. पिवळसर पारीत डुकराचे मांस आणि कोळंबी भरून माथा उघडा ठेवलेले सिउ माय. भाजलेल्या गोडसर मांसाचे सारण पोटात घेऊन वाफेवर फुललेला आणि माथ्याशी उकललेला पांढराशुभ्र चार सिउ बाव. आणि मुळ्याच्या किसात तांदळाचे पीठ कालवून आधी वाफवलेली, मग तव्यावर खरपूस केलेली वडी. कागदी खोक्यात यांतले दोन-तीन प्रकार घालून देतात आणि मागचा माणूस पुढे सरकतो.

यांतल्या हार गावविषयी मला तुझ्याशीच बोलावेसे वाटते, कारण उकडीच्या मोदकात ज्याचा हात मुरला आहे त्यालाच त्याची खरी किंमत कळेल. त्याच्या पारीला गव्हाचे साधे पीठ चालत नाही. कुरडयांसाठी तू गव्हाचा जो चीक काढतेस, तोच वाळवून केलेले निव्वळ सत्त्व लागते, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचे पीठ त्यात मिसळतात. हे मिश्रण थंड पाण्याने कधीच वळत नाही. त्यावर उकळते पाणी ओतून, क्षणभर झाकून, हाताला चटका बसत असतानाच ते मळावे लागते. मग तेलाचे बोट लावलेल्या रुंद सुऱ्याच्या पात्याखाली गोळी दाबून कागदासारखी पारी करावयाची, सारण ठेवून एकाच बाजूने बारीक चुण्या पाडीत ती मिटावयाची, आणि चुण्या सातांहून कमी पडल्या तर कँटनकडचा जाणकार ते काम कच्चे समजतो. सारण भिन्न, नैवेद्य भिन्न, पण उकड, पारी, कळ्या आणि वाफ ही चारही अंगे तुझ्या स्वयंपाकघरातली. नैवेद्याशेजारी कोळंबीचे नाव घेतले म्हणून रागावू नकोस.

ही पारी अल्पायुषी असते. वाफेतून निघाल्यावर थोड्याच वेळात ती कोरडी पडू लागते, आणि निवली की तिचा पारदर्शकपणा जाऊन ती चिवट होते. मोठ्या भोजनगृहांत टोपल्या ढकलगाडीवर रचून टेबलाटेबलांशी फिरवतात, तेव्हा दूरच्या कोपऱ्यातील गिऱ्हाइकापर्यंत पोचेतो तिचे तारुण्य बहुधा ओसरलेले असते. उलट मोटारीच्या खिडकीशी टोपली आणि तोंड यांत हातभरच अंतर उरते. तेव्हा केवळ पदार्थाचाच विचार केला, तर रस्त्यावरची ही गाडी डिमसमवर अन्याय करीत नाही, काही अंशी न्यायच करते, असे माझे मत आहे.

पण केवळ पदार्थाचा विचार करणे हाच डिमसमवर अन्याय आहे, आणि येथे मी तुझ्या पक्षात येतो. क्वांगतुंग प्रांतातील आणि हाँगकाँगमधील चहागृहांत आधी येतो चहा, आणि हे सारे पदार्थ त्याच्यासोबत येतात. सकाळी वृद्ध माणसे वर्तमानपत्र घेऊन, पूर्वी तर पाळलेल्या पक्ष्याचा पिंजराही घेऊन, ठरल्या टेबलाशी बसत. काळसर पु-अर चहाची किटली येई. रिकामी झाल्यावर तिचे झाकण तिरपे करून ठेवले की वाढप्याने न बोलता पाणी ओतावयाचे. आणि शेजाऱ्याने आपला पेला भरला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून त्याचे आभार मानावयाचे. ही चाल छ्येन्लुंग बादशहाच्या वेषांतराच्या प्रवासात पडली अशी लोककथा आहे: स्वतः बादशहाने पेला भरल्यावर सेवकाला साष्टांग दंडवत घालता येईना, म्हणून त्याने बोटांकडून तो घालविला. टोपलीत तीन किंवा चार नग असतात ते याच हिशेबाने. एकेकाने एकेक उचलावा, आणि दहा टोपल्यांची चव चौघांत वाटली जावी. एकटा मनुष्य दोन टोपल्यांत तृप्त होऊन उठतो, आणि त्या विस्तीर्ण पंक्तीतले बाकीचे सारे त्याला अज्ञातच राहते.

या शहराचा इतिहासही हेच सांगतो, आणि तो वाचताना मन विषण्ण होते. 1882 साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. 1943 साली ती उठली तेव्हाही वर्षाला अवघ्या 105 चिनी माणसांना येण्याची मुभा मिळाली, आणि ही दारे खऱ्या अर्थाने उघडली ती 1965 च्या कायद्याने. मधल्या काळात येथील चिनी वस्ती म्हणजे बायकामुलांपासून दुरावलेल्या पुरुषांची वस्ती होती. धुलाईच्या दुकानांत आठवडाभर इस्त्री फिरवणारी ही माणसे शहराच्या दूरदूरच्या भागांतून रविवारी चायनाटाउनात येत, ती आपल्या भाषेतला शब्द ऐकायला आणि चार माणसांत बसायला. डॉयर्स स्ट्रीट नावाच्या तेथील वाकड्या गल्लीत 1920 साली उघडलेले नॉम वा हे चहागृह अजून चालू आहे. ज्यांना पंक्तीला घरचे कोणी नव्हते त्यांनी प्रवेशबंदीच्या त्या काळातही चहाची बैठक मोडू दिली नाही, हे मला फार मोठे वाटते.

गाडीवाल्याला मात्र मी दोष देणार नाही. रस्त्यावर अन्न विकण्याच्या परवान्यांची संख्या या नगरपालिकेने 1983 साली जी गोठवली, ती पुढे कित्येक वर्षे जवळपास तशीच राहिली. परिणामी ज्या परवान्याचा सरकारी दस्तुर दोन वर्षांना 200 डॉलर, तोच मूळ सनददाराकडून पोटभाड्याने घेताना वीस-वीस हजार डॉलर मोजण्याची पाळी नवागत विक्रेत्यांवर आली, आणि खोतीतल्या कुळासारखा खपणारा एक आणि खाणारा दुसरा असा प्रकार झाला. 2021 च्या कायद्याने दरसाल काही नव्या परवान्यांची तरतूद केली आणि परवानेधारकाने स्वतः गाडीवर हजर असावे अशी अट घातली. हा कायदा मला न्याय्य वाटतो. शिवाय मीटर असलेल्या जागेवरून विक्रीला मनाई, आणि रोज रात्री मान्यताप्राप्त आगारात नेऊन गाडी धुतलीच पाहिजे असा दंडक. ज्याचा क्षणन् क्षण असा भाड्याने घेतलेला आहे, त्याने गिऱ्हाइकाला निवांतपणाही द्यावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

निवांतपणा गिऱ्हाइकाने आणावयाचा आहे. या शहराने 1961 साली इमारतींचे नियम बदलून, जो मालक आपल्या जमिनीवर लोकांसाठी मोकळे प्रांगण राखील त्याला जास्त मजले बांधण्याची सवलत दिली; त्यामुळे मॅनहॅटनमधील कित्येक उंच इमारतींच्या पायथ्याशी अशी प्रांगणे आहेत, आणि तेथे बसण्याचा हक्क वाटसरूलाही आहे. हल्ली आम्ही कचेरीतले चौघेजण प्रत्येकी वेगळा प्रकार घेऊन अशाच एका प्रांगणातील दगडी कट्ट्यावर बसतो, आणि आमच्यातील हाँगकाँगचे वडीलधारे गृहस्थ थर्मासमधून पु-अर चहा आणतात. तो कडवट, मातकट चहा घोटभर घेतला की मांसाची चरबी जिभेवरून धुऊन निघते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. चहावाचून खाल्लेले तेच सिउ माय तिसऱ्या घासाला जड होते. तेव्हा उभ्याने खाण्याविषयीचा तुझा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. रस्त्याविषयीचा मात्र मान्य नाही.

चैत्रात तू येशील तेव्हा रविवारी सकाळी तुला डॉयर्स स्ट्रीटवर नेईन. संधिवातामुळे तुला फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून घरून जरा लवकर निघू. उशीर झाला की तेथे बाहेर रांगेत तिष्ठावे लागते.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा,
बाळ