हात लावू नका!

कोकणात आंब्याचा मोसम आला की पोरं झाडावर आणि आयांचा जीव टांगणीला. चार वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातला चौदा वर्षांचा मुलगा आंब्यावरून पडला. बोलत होता, पाय हलवत होता. म्हणून कुणी त्याला बसवू लागलं, कुणी पाणी आणलं. सारं मायेपोटीच. माझी आपा नर्स. ती ओरडली, "हात लावू नका!" तिनं त्याचं डोकं होतं तसंच दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि १०८ ला फोन करायला लावला. २०१४ पासून राज्यात ही रुग्णवाहिका आहे.

"नुसतं बघत बसायचं?" त्याची अम्मी रडत होती.

"भाभी, त्याच्याशी बोलत राहा. मान मात्र हलवू देऊ नका."

इस्पितळात कळलं, कमरेचा मणका मोडला होता. मज्जारज्जू शाबूत होता. उचलताना तो दुखावला असता, तर पाय कायमचे गेले असते. आणि ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं लागतं, म्हणून पाणीही नको.

आपल्या जमातीच्या सभांत हिशेब तासन्‌तास चालतात. त्यातली दहा मिनिटं यासाठी काढायला काय हरकत आहे?